परक्याचा वाटा

१५ नोव्हेंबर १९७१पासून भारतात पत्र टाकायचं, तर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक तिकीट चिकटवावं लागे. सुरुवातीला चालू तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ अशी अक्षरं छापून काम भागवलं गेलं, मग निर्वासितांचं चित्र असलेलं स्वतंत्र तिकीट निघालं. पूर्व बंगालातून त्या वर्षी सुमारे एक कोटी माणसं जीव मुठीत धरून सीमा ओलांडून आली होती. थोडे अपवाद सोडले तर हे तिकीट सक्तीचं होतं आणि ते मार्च १९७३अखेरपर्यंत चाललं. सांगलीहून नागपूरच्या बहिणीला पाकीट धाडणारा माणूसही दर पाकिटामागे आगरतळ्याच्या किंवा बनगावच्या छावणीतल्या कुणा अनोळखी माणसासाठी पाच पैसे मोजत होता. तो काही श्रीमंत नव्हता. निम्म्याहून अधिक देश गरिबीत होता आणि महाराष्ट्रात पावसाने ओढ द्यायला सुरुवात केली होती.

दूरच्या माणसाला मदत करण्याचा विषय निघाला की आपल्याला सर्वस्व देऊन टाकणारे महात्मे आठवतात. मग ‘आपण काही संत नाही’ असं म्हणून आपण विषय मिटवतो. मला त्या पाच पैशांच्या तिकिटात अधिक विचार दिसतो. स्वतःला सांभाळायचं की परक्याला हात द्यायचा, हा प्रश्न आपण नेहमी ऐन संकटात, एकेकट्याने आणि मनाच्या त्या क्षणीच्या ओढीवर सोडवायला बसतो. तिथेच चुकतं. स्वतःचं रक्षण करणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, यात वाद नाही. पण त्या हक्काची हद्द कुठे संपते हे ज्याच्या त्याच्या भीतीवर सोडलं, तर ती कधीच संपत नाही. म्हणून परक्याचा वाटा आधी ठरलेला असला पाहिजे, तो सर्वांनी मिळून उचलला पाहिजे आणि तो देणं म्हणून दिला गेला पाहिजे. हे माझं म्हणणं आहे आणि ते हवेतलं नाही. आपल्याच इतिहासात त्याचे पुरावे आहेत.

ज्या महिन्यात हे तिकीट आलं, त्याच महिन्यात ऑक्सफर्डमध्ये पीटर सिंगर हा पंचविशीतला ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ याच निर्वासितांना समोर ठेवून एक निबंध लिहीत होता. १९७२ साली तो प्रसिद्ध झाला आणि आजही जगभरच्या विद्यापीठांत नीतिशास्त्राच्या वर्गात तो वाचला जातो. त्याचा युक्तिवाद साधा आहे. उथळ तळ्यात एखादं मूल बुडताना दिसलं, तर कपडे चिखलाने माखतील म्हणून कुणी काठावर थांबत नाही. मग तेच मूल हजारो किलोमीटरवर मरत असेल आणि आपल्या थोड्याशा पैशाने वाचणार असेल, तर मधल्या अंतराने कर्तव्य कसं बदलतं? आणि काठावर आणखी दहा माणसं नुसती उभी आहेत, म्हणून माझी जबाबदारी कमी कशी होते?

सिंगरने आकडेही दिले होते. निर्वासितांना वर्षभर जगवायला जागतिक बँकेच्या अंदाजानुसार किमान ४६ कोटी ४० लाख पौंड लागणार होते. ब्रिटनने तोवर दिले होते १ कोटी ४७ लाख ५० हजार. त्याच ब्रिटनने कॉन्कॉर्ड विमान विकसित करण्यासाठी घातलेला आणि कधीच वसूल न होणारा पैसा २७ कोटी ५० लाख पौंडांच्या पुढे गेला होता. ऑस्ट्रेलियाने केलेली मदत सिडनीत उभ्या राहणाऱ्या ऑपेरा हाउसच्या खर्चाच्या बाराव्या हिश्शालाही पुरत नव्हती. माणसं जगवणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांना आवाजापेक्षा वेगाने उडणं परवडत होतं.

पण त्याच निबंधात सिंगर ओझरतं एक वाक्य लिहून जातो, आणि आपल्याला थांबायचं आहे ते तिथे. पुरेशी मदत आली नाही, तर भारतापुढे दोनच वाटा उरतील, असं तो म्हणतो: निर्वासितांना उपाशी मरू द्यायचं, किंवा आपल्या विकासाचा पैसा तिकडे वळवायचा, म्हणजे पुढे आपलीच आणखी माणसं उपाशी मरतील. तळ्यात उतरणारा सिंगरचा माणूस सुस्थितीतला आहे. त्याचे कपडे तेवढे खराब होणार आहेत. १९७१चा भारत तसा नव्हता. त्याने पाण्यात पाय घातला तेव्हा त्याच्या स्वतःच्याच पायाखाली जमीन पुरती नव्हती. म्हणून आत्मरक्षण आणि परोपकार यांतला खरा ताण समजून घ्यायचा, तर लंडनपेक्षा आगरतळ्याकडे पाहायला हवं.

१९७१च्या जनगणनेत त्रिपुराची लोकसंख्या साडेपंधरा लाखांच्या आसपास होती. त्या चिमुकल्या प्रदेशात त्या वर्षी सुमारे चौदा लाख निर्वासित आले. दर माणशी जवळजवळ एक पाहुणा! ही माणसं बहुतांशी पुढच्या वर्षी परत गेली. पण त्याआधी, फाळणीपासून जे लोंढे येत राहिले होते, ते तिथेच स्थिरावले होते. १९४१ साली त्रिपुरात सुमारे निम्म्या असलेल्या आदिवासींचं प्रमाण १९७१पर्यंत तीस टक्क्यांच्या खाली आलं. जमिनी गेल्या, भाषा मागे पडली आणि पुढची काही दशकं त्या राज्याने रक्तपात पाहिला. त्रिपुरातल्या एखाद्या आदिवासीने १९७० साली म्हटलं असतं, की ‘आता आणखी नको, आम्ही उरणार नाही’, तर त्याला स्वार्थी म्हणायची माझी हिंमत होणार नाही. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ म्हणणारा प्रत्येक जण कंजूष नसतो. दूरच्या माणसाविषयीची करुणा दाखवणारा एक, आणि तिची किंमत मोजणारा दुसराच, असं अनेकदा घडतं. दिल्लीतल्या माणसाने उदार व्हायचं आणि त्या औदार्यासाठी त्रिपुरातल्या माणसाने जमीन सोडायची, हा न्याय नव्हे.

म्हणून आत्मरक्षणाच्या बाजूचा सगळ्यांत वजनदार मुद्दा मी असा मांडेन: मदतीचं ओझं जेव्हा सरहद्दीवरच्या, आधीच दुबळ्या माणसावर एकवटतं, तेव्हा त्याचा विरोध खरा असतो. पण या मुद्द्यातून मदत थांबवा असा निष्कर्ष निघत नाही. ओझं वाटून घ्या, असा निघतो. पाच पैशांचं तिकीट नेमकं हेच करू पाहत होतं. छावणी त्रिपुरात होती, म्हणून खर्च फक्त त्रिपुराचा नव्हता. सांगलीच्या पत्रावरही त्याचा अंश होता. तो पुरेसा होता असं मी म्हणत नाही. जमिनीचा आणि भाषेचा प्रश्न तिकिटांनी सुटत नाही. पण दिशा बरोबर होती.

या थोड्या पैशांत काय होत होतं, तेही जवळून पाहायला हवं. पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगावच्या सरकारी रुग्णालयात पटकीचे रुग्ण लोटले तेव्हा खाटा केव्हाच संपल्या होत्या. माणसं जमिनीवर, उलट्या-जुलाबांच्या घाणीत पडलेली होती. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं, आणि ते लावू शकणारे हात त्याहूनही कमी. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिथे एक धाडसी निर्णय घेतला. २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, हे एका लिटरचं प्रमाण. कोलकात्यात पुड्या बांधल्या गेल्या आणि त्यांचं पाणी तोंडाने पाजायला सुरुवात झाली. पाजणारे रुग्णांचे नातेवाईकच होते: आई, भाऊ, शेजारी. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. एका लिटरच्या सामग्रीला खर्च आला होता अकरा पैसे. म्हणजे दोन पत्रांवरची शरणार्थी तिकिटं आणि वर एक पैसा. त्या काळी हे औषध तोंडाने द्यावं यावर बहुतेक डॉक्टरांचा विश्वास नव्हता. आज जगात असा दवाखाना शोधून सापडणार नाही, जिथे ओआरएसची पुडी माहीत नाही. त्या पुडीने आजवर कोट्यवधी मुलं वाचवली आहेत.

या ज्ञानाची मुळं ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत होती. ती १९६०मध्ये सुरू झाली तेव्हा अमेरिकेने तिच्यात पैसा घातला. त्यामागे शीतयुद्धाचं राजकारण होतं आणि आशियात जाणाऱ्या आपल्या सैनिकांना पटकी होऊ नये ही काळजीही होती. म्हणजे मुळात स्वतःला जपायलाच तो पैसा आला होता. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. आपल्या आणि परक्याच्या हिताची वाट पुष्कळ अंतर एकच असते. मात्र ती जिथे फुटते, तिथेही देणं संपत नाही, एवढं लक्षात ठेवावं लागतं. ज्याच्याकडून आपल्याला कधीच काही मिळणार नाही, त्याचाही जीव जीवच असतो.

आता दुसरी बाजू. १९७४ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने सिंगरच्या अगदी उलट टोकाचं म्हणणं मांडलं. श्रीमंत देश म्हणजे जीवरक्षक नाव, तो म्हणाला. नावेत पन्नास माणसं आहेत, फार तर आणखी दहा मावतील, आणि भोवती पाण्यात शंभर जण हात मारत आहेत. सगळ्यांना घेतलं तर सगळेच बुडतील. दहांना घेतलं तर वादळासाठी राखलेली जागा संपेल. म्हणून कुणालाच घेऊ नका. गरीब देशांना धान्य दिलं तर तिथली लोकसंख्या वाढेल आणि पुढचा दुष्काळ आणखी भयंकर होईल, असा त्याचा सिद्धान्त होता, आणि उदाहरण म्हणून त्याच्या नजरेसमोर भारत होता. आपल्यालाही हा तर्क परका नाही. ‘घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं’ ही म्हण आपण निर्वासित, स्थलांतरित, पूरग्रस्त, कुणाविषयीही सहज वापरतो.

हार्डिनचं म्हणणं नुसतं निष्ठुर आहे असं म्हणून ते खोडता येत नाही. ते खरं आहे का, हे तपासावं लागतं. त्याने ज्यांना बुडणारे म्हणून मोजलं होतं त्यांचं पुढे काय झालं, याचा हिशेब आज आपल्यापुढे आहे. बांगलादेशात १९७५च्या सुमारास एका बाईला सरासरी सहाहून अधिक मुलं होत. आज ते प्रमाण दोनाच्या जवळपास आलं आहे. हे लोकांना उपाशी ठेवून घडलं नाही. मुलं जगू लागली, मुली शाळेत जाऊ लागल्या, घरोघरी आरोग्यसेवक पोचले, तेव्हा घडलं. १९८०च्या दशकात ब्रॅक या संस्थेच्या बायका गावोगाव, दारोदार फिरून आयांना शिकवत होत्या, की अर्धा लिटर पाण्यात चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ घालून जुलाब झालेल्या मुलाला पाजा. एक कोटीहून अधिक घरांत हा धडा पोचला. मूल जगेल याची खात्री झालेली आई कमी मुलांवर थांबते. हार्डिनची नाव आणि तिच्यातल्या जागा कायमच्या ठरलेल्या होत्या. खऱ्या जगात पाण्यातली माणसं नावा बांधायला शिकली.

आपल्या मातीतही याचा पडताळा आहे. १८७३-७४मध्ये बिहारमध्ये पीक बुडालं, तेव्हा रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवून लोक वाचवले. त्याबद्दल त्याला शाबासकी मिळाली नाही. पैसा उधळला, म्हणून टीका झाली. १८७७मध्ये दख्खन आणि मद्रास दुष्काळाने होरपळत असताना तोच टेंपल आला तो काटकसरीचा पण करून. दुष्काळी कामावरच्या मजुराला त्याने दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा, एवढीच मजुरी ठरवली. मुंबई इलाख्यात कामावरच्या उपाशी माणसांनी त्याविरुद्ध संप केले. त्या दुष्काळात लाखो माणसं मेली. तिजोरीचं रक्षण झालं, माणसांचं झालं नाही. आणि ‘परवडत नाही’ हे कारण तेव्हाही हिशेबाच्या भाषेत, अतिशय जबाबदारीने सांगितलं गेलं होतं.

शंभर वर्षांनी त्याच दख्खनवर बहात्तरचा दुष्काळ आला. सलग तीन वर्षं पाऊस रुसला होता. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडत, पाझर तलाव खणत, नालाबंडिंग करत, रस्त्यांवर मुरूम टाकत. शेतात कधी पाय न ठेवलेल्या पाटलाच्या घरच्या बायकाही त्या रांगेत पाटी घेऊन उभ्या राहिल्या. मुलांना सुकडी मिळे, रेशनवर परदेशातून आलेली तांबूस मिलो ज्वारी मिळे. तिच्या भाकरीची चव अजून न विसरलेली माणसं मराठवाड्यात आजही भेटतात. हाल झाले, गुरं गेली, गावं रिकामी झाली, कित्येकांनी मुंबई गाठली ती कायमची. पण धान्याचं उत्पादन इतकं कोसळूनही १८७७सारखी माणसं मेली नाहीत. हा फरक पावसाने केला नव्हता.

यातून जे उभं राहिलं ते महाराष्ट्राने जगाला दिलेलं मोठं देणं आहे, आणि आपण त्याचा अभिमान पुरेसा बाळगत नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात आधी करून पाहिलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना पुढे आली: मागेल त्याला काम. १९७७मध्ये तिचा कायदा झाला, तो १९७९च्या प्रजासत्ताक दिनापासून लागू झाला. २००५ साली केंद्राने याच धर्तीवर देशासाठी कायदा केला. पण काम मागणाऱ्याला काम द्यायचं, तर पैसा कुठून आणायचा? १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला. शहरातल्या नोकरदाराकडून, व्यापाऱ्याकडून, डॉक्टर-वकिलाकडून घ्यायचा, आणि तेवढीच भर राज्याने घालायची. आज पगाराच्या पावतीवर ‘पी.टी.’ या दोन अक्षरांपुढे दोनशे रुपये, आणि फेब्रुवारीत तीनशे, असा जो आकडा दिसतो, तो तिथून आला आहे. वर्षाला अडीच हजार, त्याहून जास्त नाही. तो कापला जातो तेव्हा आपण कुरकुरतो. पण त्याचा मूळ अर्थ असा होता, की मुंबईच्या कचेरीत पंख्याखाली बसलेल्या माणसाच्या पगारात बीड-उस्मानाबादच्या उन्हात खडी फोडणाऱ्या बाईचा वाटा आहे.

या व्यवस्थेत मला तीन गोष्टी मोलाच्या वाटतात. पहिली, कुणीही मोडून पडलं नाही. व्यवसाय करामुळे एखाद्या कारकुनाच्या मुलाची शाळा सुटल्याचं कुणी ऐकलेलं नाही. दुसरी, घेणाऱ्या बाईला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. ती काम मागत होती आणि तो तिचा हक्क होता. तिसरी, देणाऱ्याचं मन आज द्रवलं आहे की नाही, यावर तिची चूल अवलंबून नव्हती. त्या निधीतला पैसा वेळेवर आणि पुरता खर्च होत नाही, मस्टरवर खोटी नावं लागतात, या तक्रारी जुन्या आहेत आणि त्यांत तथ्य आहे. पण त्या तक्रारी करता येतात, त्याच मुळी वाटा ठरलेला आहे म्हणून. मर्जीने मिळणाऱ्या दानाबद्दल तक्रार करायची सोय नसते.

सिंगरच्या विचारात मला जो अडथळा वाटतो, तो इथे. त्याच्या युक्तिवादाला थांबा नाही. एक मूल वाचवलं, तर पुढच्याचं काय? आणखी दिलं, तर आणखी का नाही? प्रामाणिक माणूस या प्रश्नाने पोखरला जातो आणि बाकीचे त्यापासून तोंड फिरवतात. शिवाय प्रत्येकाच्या अंगावर फक्त जगाचंच देणं नसतं. म्हाताऱ्या आईचं औषध, भावाची बुडालेली शेती, मुलीची फी, हीही देणी आहेत आणि ती जवळची आहेत म्हणून कमी पवित्र ठरत नाहीत. ज्याने स्वतःच्या माणसांना वाऱ्यावर सोडून जग तारायला घेतलं, त्याच्या घरच्यांना विचारावं त्या त्यागाची चव कशी होती.

पण नुसत्या सदिच्छेवर भिस्त ठेवूनही चालत नाही. हे आपण विनोबांच्या भूदानात पाहिलं. १९५१मध्ये पोचमपल्लीपासून निघालेले विनोबा जमीनदाराला म्हणत, तुला पाच मुलं असतील तर मला सहावा मान आणि माझा वाटा दे. परक्याला घरच्या वाटणीत बसवण्याची ती कल्पना विलक्षण होती, आणि लाखो एकर जमीन त्या शब्दावर लोकांनी लिहून दिली. पण वाटप नीट करणारी, दिलेली जमीन ताब्यात देणारी यंत्रणा उभी राहिली नाही. बरीच जमीन खडकाळ निघाली, बरीच वादात अडकली, बरीच कागदावरच राहिली. विनोबांनी हृदयं हलवली. हललेलं हृदय दुसऱ्या पिढीपर्यंत टिकवायला मात्र नियम लागतो.

कुणी म्हणेल, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात हे ठीक आहे, ती आपलीच माणसं. देशाबाहेरच्यांचं काय? तर त्याची कठीण परीक्षा २०२१ साली झाली आणि तिचा एक पेपर पुण्यात होता. जगातल्या गरीब देशांना कोविडची लस मिळावी म्हणून कोव्हॅक्स ही योजना आखली गेली होती. तिचं सूत्र मला फार महत्त्वाचं वाटतं: सहभागी देशांतल्या निदान वीस टक्के लोकांना, म्हणजे आरोग्यसेवक आणि वृद्धांना, आधी लस. तिचा मोठा आधार पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट होती. जानेवारी २०२१पासून भारताने लस बाहेर पाठवायला सुरुवात केली, भूतान आणि मालदीवपासून. मग दुसरी लाट आली. ऑक्सिजनसाठी लोक रात्रभर सिलिंडर शोधत फिरत होते, स्मशानांत जागा नव्हती. निर्यात थांबली.

तो निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. ज्या घरात प्रेत पडलं आहे, त्या घराला दान मागू नये. पण कोव्हॅक्सला भारतातून पुन्हा लस मिळू लागायला नोव्हेंबर उजाडला. या मधल्या काळात अनेक आफ्रिकी देशांत रुग्णांची सेवा करणाऱ्या परिचारिका लसीविना कामावर जात होत्या. आणि ज्यांच्याकडे लोकसंख्येच्या कित्येक पट लसींचे करार होते, ते श्रीमंत देश धडधाकट लोकांना वाढीव डोस द्यायच्या तयारीला लागले होते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑगस्टमध्ये जाहीर विनंती केली, की हे वाढीव डोस थोडे लांबवा. ती बहुतेकांनी मानली नाही.

या दोन कृती दिसायला एकच आहेत: आधी आपलं बघणं. पण त्यांना एका तागडीत घालता येत नाही. मे महिन्यातला भारत जीव वाचवत होता. ऑगस्टमधले श्रीमंत देश बहुतांशी निर्धास्तपणा विकत घेत होते. आत्मरक्षणाचा दावा कुणी करतो तेव्हा त्याला विचारावं, तू नक्की काय वाचवतो आहेस? जीव आणि उपजीविका यांच्यासाठी हात आखडता घेतला, तर त्याला दोष नाही. सोय, चैन आणि भविष्यातल्या प्रत्येक काल्पनिक धोक्यासाठी राखलेली गंगाजळी यांना आत्मरक्षणाचं नाव देऊन दुसऱ्याच्या जिवापुढे उभं करता येत नाही. कोव्हॅक्सचा वीस टक्क्यांचा वाटा कागदावर होता. तो पाळायचं बंधन कुणावर नव्हतं, म्हणून पहिल्याच घाबरगुंडीत तो वाहून गेला. प्रत्येक देश वाईट होता म्हणून असं झालं नाही. वाटा ठरवायची वेळ शांतपणाची असते, आणि ती आपण घालवली होती.

असाच एक वाटा १९७० सालीही ठरला होता. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम गरीब देशांच्या विकासासाठी द्यावी, असं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ ऑक्टोबर १९७०ला ठरवलं. अवघ्या तीन आठवड्यांनी पूर्व बंगालच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आदळलं आणि लाखो माणसं गेली. शंभर रुपयांतले सत्तर पैसे, एवढीच ती मागणी. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग यांच्यासारख्या मोजक्या देशांनी ती वर्षानुवर्षं पाळली आणि ते देश काही बुडाले नाहीत. बाकीच्या बहुतेकांना ती कधी परवडलीच नाही. २०२५ साली तर अमेरिकेने आपली परदेशी मदतीची संस्था, यूएसएड, बंद केली. ब्रिटनने संरक्षणखर्चासाठी मदतीचं प्रमाण ०.५वरून २०२७पर्यंत ०.३ टक्क्यावर आणायचं जाहीर केलं. अमेरिकेचा पैसा अचानक थांबला तेव्हा ढाक्यातल्या त्याच कॉलरा संशोधन संस्थेतल्या, जिच्या कामातून ओआरएस जन्मलं, हजारहून अधिक लोकांची नोकरी गेली. जगाची पटकी ज्यांनी आटोक्यात आणली, त्यांच्यावर ही वेळ आली ती आत्मरक्षणाच्या नावाखाली. यातून वॉशिंग्टनचा कुठला माणूस अधिक सुरक्षित झाला, हे मला कुणी सांगावं.

आपण मराठी माणसं या चर्चेत नुसते प्रेक्षक नाही. बहात्तरची मिलो आपण खाल्ली आहे, किल्लारीच्या भूकंपात आपण मदत घेतली आहे. व्यवसाय कराची कल्पना आपण अमलात आणली आहे, लस आपल्या पुण्यातून गेली आहे. घेणारा आणि देणारा, दोन्ही बाजूंनी आपण उभे राहिलो आहोत. म्हणून आपल्याकडून अपेक्षा ठेवायला हरकत नाही. घराचं अंदाजपत्रक करताना भाडं, किराणा, फी, हप्ता यांच्या खालोखाल परक्याचा आकडा लिहिला गेला पाहिजे. तो एक टक्का असो की पाच, जीव आणि उपजीविका यांना धक्का न लावता जेवढा निघेल तेवढा. पण बातमीतला फोटो पाहून नव्हे, दर महिन्याला. तो ज्या संस्थेला द्यायचा, तिचा हिशेब मागितला पाहिजे. आणि सरकारकडूनही हेच मागितलं पाहिजे. पुढच्या साथीत आपल्या कारखान्यांतल्या लसींपैकी किती टक्के शेजाऱ्यांना आणि त्याहून दूरच्यांना जाणार, पुढच्या दुष्काळात, पुरात, स्थलांतरात सरहद्दीवरच्या जिल्ह्याचं ओझं बाकीचे किती उचलणार, हे आजच कायद्यात लिहून ठेवा, असं म्हणणारे मतदार हवेत.

संकट दारात आलं की हात आखडता घ्यायला कारणं नेहमीच मिळतात, आणि त्यातली बरीचशी खरी असतात. १९७१मध्ये भारताकडे तशी कितीतरी होती. तरीही सांगलीच्या माणसाच्या पत्रातून पाच पैसे निघाले, कारण ते द्यायचे की नाही हा निर्णय त्या दिवशी त्याच्या एकट्याच्या खांद्यावर नव्हता. अनोळखी माणसाचा जीव आपल्या लहरीवर, सवडीवर आणि धीरावर टांगून ठेवायचा नसेल, तर दुसरा मार्ग नाही. वाटा आज ठरवावा लागेल, घरातही आणि देशातही.